डायनोसॉरपटांतल्या चुका : त्या वर्षी काय माहीत होतं आणि पडद्यावर काय आलं

कातळवाट

डायनोसॉरच्या चित्रपटांतल्या चुकांच्या याद्या आपल्याकडे बऱ्याच फिरतात. बहुतेक याद्यांत २००७ किंवा २०१४ साली लागलेला शोध १९९३ च्या चित्रपटाच्या माथी मारलेला असतो, आणि जी गोष्ट १९९३ सालीसुद्धा उघड चुकीची होती ती सुटून गेलेली असते. म्हणून या धाग्यावर एकच कसोटी ठेवू या : चित्रपट आला त्या वर्षी अभ्यासकांना काय ठाऊक होतं? ठाऊक असून वेगळं दाखवलं तर ती चूक. शोध नंतर लागला असेल तर चूक नाही, पण त्यानंतरच्या भागातही तेच चालू ठेवलं तर चूकच.

सुरुवात व्हेलोसिरॅप्टरपासून करतो. १९९३ च्या 'जुरासिक पार्क'मध्ये हा प्राणी माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवतो. खरा व्हेलोसिरॅप्टर गोबी वाळवंटातला, मंगोलियाचा. त्याला नाव मिळालं १९२४ साली. शेपटीसकट लांबी दोन मीटरपर्यंत, कमरेपाशी उंची अर्धा मीटर, वजन १५ ते २० किलो. हे सगळं १९९३ साली पक्कं माहीत होतं.

मग पडद्यावर जो आला तो कोण? बऱ्याच अंशी डायनॉनिकस. हा अमेरिकेतल्या मोंटानाचा, जॉन ऑस्ट्रॉम यांनी १९६९ साली वर्णन केलेला, साधारण ३.४ मीटर लांब. १९८८ साली ग्रेगरी पॉल यांनी आपल्या पुस्तकात डायनॉनिकसला व्हेलोसिरॅप्टर या नावाखाली घातलं, मूळ कादंबरीने ते वर्गीकरण उचललं आणि चित्रपटाने कादंबरीचं. मोंटानात 'व्हेलोसिरॅप्टर' खणून काढताना दाखवलाय त्याचं कारण हेच. पण बाकीच्या अभ्यासकांनी हे एकत्रीकरण मान्य केलं नव्हतं. शिवाय पडद्यावरचा प्राणी डायनॉनिकसपेक्षाही मोठा आहे. १९९३ सालीच युटाहरॅप्टरचं वर्णन प्रसिद्ध झालं, तो ५ मीटरच्या पुढचा, म्हणून 'शेवटी चित्रपटच खरा ठरला' असं सांगितलं जातं. ते मला पटत नाही. दुसऱ्याच प्राण्याचा आकार जुळला म्हणून याचा आकार बरोबर ठरत नाही.

पिसांची गोष्ट वेगळी आहे. पिसांसारखं आवरण असलेला, पण पक्षी नसलेला पहिला डायनोसॉर, सायनोसॉरोप्टेरिक्स, जगासमोर आला १९९६ साली, चीनमधून. व्हेलोसिरॅप्टरच्या हाताच्या हाडावर पिसं रुतण्याच्या गाठी सापडल्या २००७ साली. त्यामुळे १९९३ चा रॅप्टर बिनपिसांचा असणं माफ. २०१५ चा 'जुरासिक वर्ल्ड'मधला मात्र माफ नाही.

चौकसराव

२०१५ च्या चित्रपटात तो शास्त्रज्ञ सांगतो ना, की या प्राण्यांच्या जनुकांत सुरुवातीपासूनच दुसऱ्या प्राण्यांचे तुकडे भरले आहेत, शुद्ध असते तर बरेचसे वेगळे दिसले असते. मग पिसं नसण्याला कारण मिळालं की.

कातळवाट

कारण मिळालं, मान्य. कथेपुरतं ते टिकतंही. पण प्रेक्षक संवाद विसरतो आणि चित्र लक्षात ठेवतो. शाळकरी मुलांच्या वह्यांवर आजही तो खवल्यांचा रॅप्टरच असतो. शिवाय जनुकांची सबब मनगटांना लावता येत नाही. त्याबद्दल रेषाबहाद्दर जास्त नीट सांगतील.

रेषाबहाद्दर

सांगतो. डिजिटल सांगाडा उभा करताना ही चूक सगळ्यांत जास्त होते.

मांसाहारी डायनोसॉरांचे तळवे एकमेकांकडे असतात, जमिनीकडे नाहीत. आपण तळवा पालथा करतो तेव्हा कोपराखालची दोन हाडं एकमेकांवर आडवी येतात. या प्राण्यांच्या त्या दोन हाडांची टोकं अशी फिरत नव्हती. रॅप्टरांच्या मनगटात अर्धचंद्राच्या आकाराचं हाड असतं, त्यामुळे पंजा बाजूला दुमडतो, पक्षी पंख मिटतो त्या दिशेने. चित्रपटात पंजे पुढे लोंबते, तळवे खाली. रिग, म्हणजे संगणकातला हलणारा सांगाडा, करताना कोपराखालचं पीळ देणारं फिरणं सरळ बंद करून टाका आणि मनगटाला फक्त बाजूची घडी ठेवा. जर एखाद्या दृश्यात प्राण्याला जमिनीवर हात टेकवायचाच असेल तर खांद्यातून कोपर बाहेर काढावं लागतं. ते विचित्र दिसतं, आणि ते विचित्र दिसतं म्हणजे तुमचा सांगाडा बरोबर आहे.

वर्षाची कसोटी लावली तर मनगटातलं अर्धचंद्र हाड १९६९ पासून माहीत होतं. तळवे पालथे होत नाहीत यावर हाडं हातात घेऊन केलेलं काम मुख्यतः २००० नंतरचं. १९९३ ला अर्धे गुण द्या, २०१५ ला शून्य.

दुसरी चूक शेपटीची. टी-रेक्सच्या मांडीच्या हाडाच्या मागच्या बाजूला एक उंचवटा असतो. तिथून निघालेला जाड स्नायू शेपटीच्या पहिल्या अनेक मण्यांच्या दोन्ही अंगांना चिकटतो आणि पाय मागे खेचतो. चालण्याची मुख्य ताकद तीच. २०११ साली पर्सन्स आणि करी यांनी दाखवलं की हा स्नायू पूर्वीच्या चित्रांत फारच बारीक धरला जायचा. म्हणून शेपटीचं मूळ मांडीइतकं भरदार हवं. मॉडेलमध्ये कमरेमागे एकदम खाच पडली असेल तर तुमचा प्राणी चालू शकणार नाही.

तिसरी, कवटीवर ताणून बसवलेलं कातडं. डोळ्यापुढचं कवटीतलं भोक बाहेरून खड्डा म्हणून दिसतं अशी मॉडेलं अजून बनतात. जिवंत प्राण्यात त्या पोकळीत हवेच्या पिशव्या होत्या आणि वर कातडं सपाट होतं. ओठांचंही तसंच. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दातांच्या झिजेवरून आणि कवटीच्या मोजमापांवरून असं मांडलंय की टी-रेक्सचे दात तोंड मिटल्यावर घोरपडीसारखे ओठांआड जायचे. हे जुन्या चित्रपटांच्या माथी मारू नका, पण आज नवीन मॉडेल करणाऱ्याने याचा विचार करायला हवा.

उत्सुक_वाचक

'जुरासिक पार्क'मध्ये म्हणतात तसं टी-रेक्सला न हलणारी वस्तू दिसत नाही हे खरं की खोटं? एकाच ओळीत चालेल.

रानमैना

खोटं, आणि एका ओळीत थांबवत नाही कारण पुढचं फार छान आहे.

टी-रेक्सची कवटी मागे रुंद आणि पुढे निमुळती आहे, त्यामुळे डोळे पुढे रोखलेले. २००६ साली केंट स्टीव्हन्स यांनी मोजलं तेव्हा दोन्ही डोळ्यांचं सामाईक दृष्टिक्षेत्र ५५ अंश भरलं. अंतराचा अंदाज घेण्यासाठी हे भरपूर आहे. शिवाय मेंदूच्या पोकळीत वास ओळखणारा भाग खूप मोठा. म्हणजे गाडीशेजारी श्वास रोखून उभं राहिलेलं माणूस त्याला दिसलं असतं, आणि नाही दिसलं तरी वास आला असता. १९९३ साली ५५ चा आकडा नव्हता, पण 'हालचालच दिसते' याला आधार तेव्हाही नव्हता. माझ्या मते ही कथेच्या सोयीसाठी केलेली जोड.

वेगाचं बघा. चित्रपटात ताशी ३२ मैल सांगितलाय, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर. २००२ साली हचिन्सन आणि गार्सिया यांनी उलटं गणित मांडलं : सहा टनांचा प्राणी खरोखर भरधाव धावायचा तर पाय सरळ ठेवणारे स्नायू किती लागतील? उत्तर आलं, दोन्ही पायांचे मिळून शरीराच्या वजनाच्या ८६ टक्के. मग पोट, डोकं, हाडं, कातडं कुठे बसवणार? त्यांचा अंदाज ताशी १८ ते ४० किलोमीटरच्या दरम्यान होता. २०१७ सालच्या संगणकी प्रतिकृतीत हाडांवरचा ताणही धरला, तेव्हा आकडा ताशी २० च्या आसपास उतरला आणि धावणं जवळजवळ बाद झालं, राहिलं ते झपझप चालणं. जीपला दुसरा गिअर पुरला असता. माणसाला मात्र तेवढाही वेग जड आहे, त्यामुळे भीती कमी करायची काही गरज नाही.

१९९३ च्या चित्रपटाचं एक श्रेय द्यायलाच हवं. शेपटी ओढत उभा चालणारा टी-रेक्स त्यांनी कायमचा मोडीत काढला. पाठ आडवी, शेपटी तोल सांभाळणारी, हे लोकांच्या डोळ्यांत बसवलं. स्वयंपाकघराच्या दाराच्या काचेवर रॅप्टरच्या श्वासाची वाफ धरते, तेही विचारपूर्वक आहे, कारण उष्ण रक्ताचा वाद तेव्हा ऐन रंगात होता.

चौकसराव

आणि अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठून दगड झालेल्या राळेत, अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनोसॉरचा डीएनए काढणं? त्यावर तर सगळा डोलारा उभा आहे.

रानमैना

यात तीन वेगवेगळे प्रश्न आहेत, लोक एकत्र करतात.

पहिला, अंबर कुठलं? चित्रपटातली खाण डॉमिनिकन रिपब्लिकमधली आहे. तिथलं अंबर दीड ते दोन कोटी वर्षांचं. पक्षी सोडले तर डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. म्हणजे त्या खाणीतल्या कुठल्याच डासाने डायनोसॉरचं रक्त प्यायलेलं असू शकत नाही. हव्या त्या काळाचं अंबर म्यानमार, लेबनॉन, कॅनडा इथे मिळतं. ही १९९३ सालीही टाळता येण्याजोगी चूक होती.

दुसरा, डास कुठला? पडद्यावर जो ठळक मोठा डास दिसतो तो ज्या गटातला आहे त्यातल्या माद्यासुद्धा रक्त पीत नाहीत, फुलांच्या रसावर जगतात. छान दिसतो म्हणून निवडलेला असणार.

तिसरा, डीएनए टिकतो का? इथे कातळवाट यांची कसोटी चित्रपटाच्या बाजूने लागते. १९९३ सालच्या जून महिन्यात, चित्रपट आला त्याच आठवड्यात, लेबनॉनच्या अंबरमधल्या १२ कोटी वर्षांहून जुन्या सोंडकिड्यातून डीएनए मिळाल्याचा दावा 'नेचर'मध्ये छापून आला होता. म्हणजे कल्पना त्या वेळच्या शास्त्राला धरून होती. १९९७ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या गटाने अंबरमधल्या कीटकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून पाहिले, काही हाती लागलं नाही. जुने निकाल बहुधा आजच्या डीएनएच्या भेसळीचे होते. डीएनएच्या तुकड्याच्या अब्जावधी प्रती काढणारी प्रक्रिया भेसळीच्या एका कणाने फसते, हाच त्यातला धोका.

मग २०१२ चा अभ्यास. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्याच्या हाडांवरून काढलेलं डीएनएचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मा डीएनए मोडायला लागणारा काळ, ५२१ वर्षे, तेही २४२ अक्षरांच्या तुकड्यासाठी आणि १३ अंश सेल्सियसला. ६.६ कोटी भागिले ५२१ करा, सव्वा लाखाहून जास्त अर्धायुष्यं होतात. गोठलेल्या तापमानातसुद्धा ६८ लाख वर्षांत एकही जोड शिल्लक राहत नाही असा त्यांचा हिशेब. आतापर्यंतचा सर्वांत जुना वाचलेला डीएनए २० लाख वर्षांचा आहे, ग्रीनलँडच्या गोठलेल्या मातीतला. कोंबडीच्या जनुकसंचात साधारण १ अब्ज अक्षरं असतात, म्हणजे चित्रपटात करतात तशी मधली भोकं बेडकाच्या डीएनएने बुजवायची तर बेडूकच तयार होईल. आणि बुजवायचीच होती तर पक्षी का नाही घेतला? नात्याने तोच जवळचा, हे १९९३ साली माहीत होतं. बेडूक घेतला तो फक्त लिंगबदलाच्या कथानकासाठी.

उत्सुक_वाचक

पण टी-रेक्सच्या हाडात मऊ उती सापडल्या होत्या ना? त्यात डीएनए नव्हता?

रानमैना

२००५ सालचं मेरी श्वाइट्झर यांचं काम. हाडातले खनिज आम्लाने विरघळवल्यावर लवचीक, नळ्यांसारखे धागे राहिले, पुढे कोलॅजेनच्या तुकड्यांचे पुरावेही मांडले गेले. त्यावर वाद झाले, अजून चालू आहेत. पण प्रथिनं आणि डीएनए यांची टिकण्याची ताकद अगदी वेगळी. वाचता येईल असा डायनोसॉरचा डीएनए कुणालाही मिळालेला नाही. २०१३ साली मोंटानातल्या ४.६ कोटी वर्षांच्या शेल नावाच्या खडकात पोट फुगलेला डास सापडला, त्यात रक्तातलं लोह आणि त्याभोवतीचं वलय ओळखता आलं. डीएनए नाही.

निळी_घोरपड

डायलोफोसॉरसवर कुणी काही लिहिलं नाही अजून. चित्रपटात तो कमरेएवढा, गळ्याभोवती झालर, विष थुंकणारा. खरा प्राणी ॲरिझोनाचा, ६ ते ७ मीटर लांब, वजन ४०० किलोच्या आसपास, त्याच्या भूभागातला तेव्हाचा बहुधा सर्वांत मोठा शिकारी. 'ते पिल्लू होतं' असा बचाव होतो. पिल्लू धरलं तरी झालर कुठून आली? झालरवाल्या सरड्यात ती उभारायला जिभेच्या हाडाचे लांब दांडे लागतात, इथे तसला कुठलाही पुरावा नाही. विषासाठी दातांत खाच किंवा नळी लागते, तीही नाही.

याचा उगम मात्र समजून घेण्यासारखा आहे. वेल्स यांनी वर्णन करताना वरच्या जबड्यात पुढे एक खाच आहे, त्यामुळे जबडा कमकुवत असावा, असं मत मांडलं होतं. जबडा दुबळा तर मारतो कसा, याला कादंबरीने विषाचं उत्तर दिलं. २०२० साली मार्श आणि रोव यांनी सगळे नमुने पुन्हा तपासले, तेव्हा जबडा भक्कम आणि मोठे स्नायू बसतील असा निघाला. म्हणजे विषाची गरजच संपली. १९९३ साली दुबळ्या जबड्याची कल्पना प्रचलित होती, पण झालर तेव्हाही निव्वळ चित्रपटाची भर.

चौकसराव

ही कसोटी गॉडझिलाला लावायची का? तो तर काल्पनिकच.

भूस्तर

प्राणी काल्पनिक असायला हरकत नाही. पण १९५४ च्या जपानी चित्रपटात प्राध्यापक गंभीरपणे जुरासिक काळ २० लाख वर्षांपूर्वीचा सांगतात, आणि पावलाच्या ठशात सापडलेला ट्रायलोबाइट, हा एक नामशेष कवचधारी समुद्री प्राणी, त्या काळाचा पुरावा म्हणून दाखवतात. १९५४ सालीसुद्धा जुरासिक दहा कोटी वर्षांहून जुना मानला जात होता. आजचा आकडा २०.१ ते १४.३ कोटी. ट्रायलोबाइट तर पर्मियनच्या शेवटी, २५.२ कोटी वर्षांपूर्वी संपले, म्हणजे जुरासिक सुरू होण्याआधीच पाच कोटी वर्षे. प्राण्याच्या आकारापेक्षा मला ही चूक जास्त खटकते, कारण ती शास्त्रज्ञाच्या तोंडी आहे.

आकाराचं गणितही एकदा करून ठेवू, पुढे कुठल्याही महाकाय प्राण्याला लावता येईल. लांबी १० पट केली की वजन १००० पट होतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ फक्त १०० पट. म्हणजे हाडावरचा दाब १० पट. मोठ्या प्राण्यांच्या पायाच्या हाडांवर जोरात हालचाल करताना ५० ते १०० मेगापास्कल ताण येतो, हाड साधारण १७० ते २०० ला चिरडतं. दहापट म्हणजे ५०० ते १०००, पहिल्याच पावलाला पाय गेला. दाब तेवढाच ठेवायचा तर क्षेत्रफळ १००० पट हवं, म्हणजे जाडी सुमारे ३२ पट. शिकागोच्या संग्रहालयातल्या 'सू' नावाच्या टी-रेक्सचं मांडीचं हाड सुमारे १.३ मीटर लांब आणि मध्यावर घेर ५८ सेंटिमीटर, म्हणजे व्यास १८ सेंटिमीटरच्या जवळ. दहापट मोठ्या भावाचं हाड १३ मीटर लांब आणि जवळपास ६ मीटर जाड व्हायला हवं. पडद्यावर असे पाय कुणी दाखवत नाही.

निळी_घोरपड

पाण्यातले आणि हवेतले प्राणी डायनोसॉर नव्हेत हे इथे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते सोडून पुढे जाते.

२०१५ च्या चित्रपटातला मोसासॉर टांगलेला पांढरा शार्क एका घासात गिळतो. मोसासॉरस हॉफमनीच्या लांबीचे अंदाज साधारण ११ ते १७ मीटर, त्यातही अलीकडचे लहान बाजूला झुकलेले. १२ मीटरचा धरला तर कवटी दीड मीटरच्या आतबाहेर. चार-साडेचार मीटरचा शार्क त्यात जात नाही, लचके तोडून खाल्ला असता. पाठीवर मगरीसारखी कंगोऱ्यांची रांग आहे, तिचा आधार नाही. पूर्वी मोसासॉरच्या पाठीवर झालर काढत, ती विलिस्टन यांनी श्वासनलिकेच्या कड्यांना झालर समजल्यामुळे आली आणि १९०२ साली त्यांनी स्वतःच दुरुस्त केली. शेपटीचं म्हणाल तर जॉर्डनमध्ये सापडलेल्या प्रोग्नॅथोडॉनच्या नमुन्यावरून २०१३ साली स्पष्ट झालं की टोकाला शार्कसारखा पंखा होता. चित्रपट त्यानंतर दोन वर्षांनी आला आणि शेपटी तशीच लांब पट्टीसारखी राहिली. एक गोष्ट त्यांनी छान केली, टाळूवरची दातांची दुसरी रांग दाखवली. ती खरी आहे.

टेरॅनोडॉन माणसांना पायांनी उचलून नेतो, २००१ च्या तिसऱ्या भागात आणि २०१५ लाही. त्याच्या पायाची बोटं सरळ, मागे वळणारं विरोधी बोट नाही, पकड शक्य नाही. पंखांचा पसारा मोठ्या नरात ६ मीटरच्या पुढे, पण वजनाचे अंदाज साधारण २० ते ५० किलो. स्वतःहून जड माणूस घेऊन उडणं सोडाच, उचलणंही नाही. २००१ च्या भागात चोचीत दात आहेत. टेरॅनोडॉनला दात नसतात, हे १९ व्या शतकापासून माहीत. उड्डाणही दोन पायांवर पळत नाही, बहुधा चारी पायांवरून, पुढच्या दणकट हातांनी उसळी घेऊन. हा मुद्दा हबीब यांनी २००८ साली मांडला, म्हणून २००१ ला सूट.

खर्जातला_सा

आवाजावर थोडं. १९९३ च्या टी-रेक्सची डरकाळी हत्तीचं पिल्लू, वाघ आणि ॲलिगेटर यांच्या आवाजांच्या मिश्रणातून बनवली. ध्वनिरचना म्हणून ती अप्रतिमच आहे. पण सस्तन प्राणी तोंड उघडून गर्जतो तशी ती आहे. टी-रेक्सचे जवळचे नातलग मगरी आणि पक्षी. २०१६ साली झालेल्या तुलनेत तोंड मिटून, गळा फुगवून आवाज काढणं पक्ष्यांत अनेकदा स्वतंत्रपणे उपजलं आणि ते मोठ्या शरीराशी जोडलेलं आहे, असं दिसलं. मगरही तोंड मिटून घुमते. म्हणजे पडद्यावर तोंड बंद, गळा फुगलेला आणि छातीत जाणवणारा खर्ज असा प्रसंग बांधता येतो. २० हर्ट्झच्या खालचं माणसाला नीट ऐकू येत नाही, म्हणून मिश्रण करताना ३० ते ६० हर्ट्झमध्ये मुख्य जोर ठेवा आणि वर थोडा श्वासाचा खरखरीत थर द्या, नाहीतर मोबाइलच्या स्पीकरवर शांतता ऐकू येईल.

आणि शिकार करताना डरकाळी फोडायची नाही. कुठलाही शिकारी भक्ष्याला आधी वर्दी देत नाही.

हाडांवरून आवाज बांधता येतो असा प्राणी म्हणजे पॅरासॉरोलोफस. डोक्यावरच्या तुऱ्यात नाकाच्या नळ्या वळून येतात. १९९७ साली न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेने कवटीच्या सीटी स्कॅनवरून त्या नळ्यांचा आवाज संगणकावर काढला. हिशेब घरीही होतो : समजा दोन्ही टोकांना उघडी, ३ मीटर लांबीची नळी, तर मूळ स्वर ३४० भागिले ६, म्हणजे सुमारे ५७ हर्ट्झ.

उत्सुक_वाचक

आपल्याकडे असा चित्रपट करायचा झाला तर? टी-रेक्स सह्याद्रीत धावतोय असं एक पोस्टर पाहिलं होतं.

भूस्तर

सह्याद्रीत टी-रेक्स नको. ६.८ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी टी-रेक्स उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात होता आणि भारत मादागास्करपासून तुटून उत्तरेकडे सरकणारं वेगळं भूखंड होतं. आपला शिकारी आहे राजासॉरस, गुजरातेत रहिओलीला सापडलेला, २००३ साली नाव मिळालेला, डोक्यावर बुटकं शिंग, लांबी साडेसहा मीटरच्या आसपास. नातलग मादागास्करचा माजुंगासॉरस. शाकाहारी हवा तर इसिसॉरस, चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा. १९९७ साली जैन आणि बंदोपाध्याय यांनी वेगळ्या नावाने वर्णन केला, २००३ साली सध्याचं नाव मिळालं. थराराला साप हवा असेल तर सानाजेह, साडेतीन मीटरचा, गुजरातेत डायनोसॉरच्या घरट्यात अंड्यांना वेटोळं घातलेल्या स्थितीत मिळालेला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. पिल्लू शेजारीच होतं. पटकथेला आणखी काय लागतं?

गवताबद्दल एक. 'डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, दाखवलं तर चूक' असा नियम जुन्या याद्यांत असतो. तो चंद्रपूर जिल्ह्यातल्याच पिसदुऱ्याने मोडला. तिथल्या विष्ठेच्या जीवाश्मांत गवताच्या पेशींत साचणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले, वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी ते २००५ साली प्रसिद्ध केले. किमान पाच प्रकारचं गवत होतं. म्हणजे दृश्यात पाणथळ जागी गवताचे पुंजके चालतील. मैलोगणती माळरान नको, ती खूप नंतरची गोष्ट.

ज्वालामुखीचंही नीट करा. दख्खनचा लाव्हा शंकूच्या डोंगरातून उसळला नाही, मुख्यतः लांबच लांब भेगांतून बाहेर येऊन पसरला. थर एकावर एक, मध्ये काही काळ माती आणि तळी तयार होण्याइतकी विश्रांती. त्या मधल्या थरांतच जीवाश्म मिळतात. २०१८ च्या भागात बेटावर राखेचा आणि तप्त वायूंचा लोट माणसांना गाठतो आणि माणसं त्यातून पळत समुद्रात उडी घेतात. असा लोट काही शे अंश सेल्सियसचा असतो आणि ताशी ८० किलोमीटरहून वेगाने येतो. त्यातून पळून जाता येत नाही. दख्खनात तो प्रसंग घालायची गरजही नाही.

कातळवाट

उत्खननाचंही लिहायचं होतं. १९९३ च्या चित्रपटात कुंचल्याने भुसभुशीत माती झटकतात आणि आख्खा सांगाडा आरशासारखा उघडा होतो, जमिनीवर दणका देऊन पडद्यावर सांगाड्याचं रेखीव चित्रही उमटतं. इतकं स्पष्ट चित्र आजही मिळत नाही. हाड आणि भोवतालचा खडक यांत ध्वनिलहरींना फरक फारसा कळत नाही. प्रत्यक्षात हाडाची वरची बाजू उघडी करून भेगांत पातळ चिकटद्रव सोडतात, भोवती खोल चर खणून ते खडकाच्या चबुतऱ्यावर उभं ठेवतात, वर ओला कागद लावतात म्हणजे प्लास्टर हाडाला धरत नाही, मग प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. सुकल्यावर चबुतरा खालून कोरून गठ्ठा उलटा करतात. फसतं ते इथेच : कोरणं अपुरं राहिलं की उलटताना मधला खडक निसटून हाड खाली पडतं. प्रयोगशाळेतली सफाई पुढे महिनोन्महिने चालते.

२०२२ च्या भागाच्या प्रास्ताविकावरही सांगून ठेवतो. त्यात जायगॅनोटोसॉरस टी-रेक्सला मारतो. तो अर्जेंटिनाचा, साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वीचा. दोघांत तीन कोटी वर्षे आणि एक खंड आहे. २००१ च्या भागात स्पायनोसॉरस आणि टी-रेक्सची झुंज, तीही याच प्रकारची. स्पायनोसॉरसचे आखूड पाय २०१४ ला आणि वल्ह्यासारखी शेपटी २०२० ला कळली, त्याबद्दल २००१ ला दोष नाही. पण खाचा नसलेले, मासे धरायचे शंकूसारखे दात तेव्हा माहीत होते, आणि त्या दातांनी टी-रेक्सची मान मोडणं कठीण.

चौकसराव

रेषाबहाद्दर, रॅप्टरला पिसं लावायची तर नेमकी कुठून कुठे? बहुतेक चित्रांत कोपराखाली झालर लटकवलेली असते आणि पंजा उघडा.

रेषाबहाद्दर

ती चूक सर्रास होते. पंजा उघडा ठेवू नका. कोपराखालच्या मागच्या हाडावर एक रांग, आणि तिला सलग पुढे पंजाच्या मधल्या, म्हणजे दुसऱ्या बोटापर्यंत नेणारी दुसरी. व्हेलोसिरॅप्टरच्या नमुन्यात सहा गाठी मिळाल्या, एकमेकींपासून ४ मिलिमीटरवर, आणि त्या अंतरावरून पूर्ण रांगेत १४ पिसांचा अंदाज बांधला गेला. हा नमुना मंगोलियाच्या १५ किलोच्या प्राण्याचा. तुमचा प्राणी मोठा असेल तर पिसांची संख्या वाढवू नका, लांबी वाढवा. पहिलं बोट मोकळं राहू द्या. हात मिटला की पिसं एकावर एक सरकून अंगाला चिकटली पाहिजेत, म्हणून प्रत्येक पिसाला स्वतंत्र सांधा द्या आणि पहिल्या व शेवटच्या पिसाची दिशा ठरवून मधली आपोआप वाटून घ्या. हात दुमडताना पिसं मांडीत घुसत असतील तर खांदा पुढे आलेला आहे, तो मागे न्या.